सकाळी डोळे सुजलेले दिसतात?

रात्री पापड, लोणचं, फरसाण जरा सढळ हाताने झालं की सकाळी आरशात डोळे फुगलेले दिसतात. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं आणि आडवं झोपल्यावर ते पाणी पापण्यांच्या पातळ, सैल त्वचेखाली साचतं. उठून हिंडूफिरू लागलं की ते बहुधा आपोआप उतरतं. जागरण आणि रडण्यानेही डोळे असेच सुजतात.

घाई असेल तर स्वच्छ रुमाल गार पाण्यात भिजवून, पिळून मिटलेल्या डोळ्यांवर दहा मिनिटं ठेवा. बर्फ थेट लावू नका. काकडीच्या चकत्यांचं कौतुक फार होतं, पण काम करतो तो त्यांचा गारवा. काकडी कोशिंबिरीत घातलेली बरी. झोपताना उशी थोडी उंच घेऊन बघा.

सुजेबरोबर खाज असेल तर अ‍ॅलर्जीचा संशय घ्या: धूळ, नवं काजळ, केसांचा डाय. डोळे चोळू नका, सूज वाढते. रांजणवाडीला मात्र गार नको, कोमट शेक द्या. ती पिळू तर मुळीच नका. वयानुसार डोळ्यांखाली येणाऱ्या चरबीच्या पिशव्या कुठल्याही घरगुती लेपाने जात नाहीत.

लहान मुलाचे डोळे रोज सकाळी सुजत असतील, लघवीला फेस येत असेल किंवा पायांवरही सूज असेल तर लघवीची तपासणी करून घ्या. मूत्रपिंडाचा विकार असू शकतो. एकच डोळा लाल होऊन दुखत असेल, ताप असेल किंवा अंधूक दिसू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.