ओआरएममध्ये ‘नल नाही’ हाच डिफॉल्ट कसा बसवावा

सोलापुरातल्या एखाद्या चादर-टॉवेल कारखान्याचं बिलिंग धरा. नग गुणिले दर, पण एका ओळीत दरच नल (डेटाबेसमध्ये किंमतच भरलेली नाही) आहे. त्या ओळीची रक्कम नल होते आणि बेरीज करणारा ‘सम’ ती ओळ मुकाट वगळतो. बिल कमी निघतं, एरर काही येत नाही. म्हणून नियम एकच ठेवा: कॉलम नॉट नल (नल चालणार नाही असा), अपवाद तेवढे लिहून द्यायचे.

१. आपल्या ओआरएमचा (कोडमधले क्लास आणि डेटाबेसची टेबलं जोडणारी लायब्ररी) डिफॉल्ट तपासा. जँगो आणि डॉक्ट्रिन मुळातच नल नाकारतात. जावातल्या जेपीएचं कॉलम ॲनोटेशन आणि पायथनमधल्या एसक्यूएलअल्केमीचा जुना ‘कॉलम’ नल चालवून घेतात. पुढचं सगळं एसक्यूएलअल्केमी २.० आणि पोस्टग्रेस डेटाबेससाठी आहे.

२. सगळी मॉडेल्स (टेबलांचे कोडमधले क्लास) ‘मॅप्ड’ पद्धतीने, म्हणजे प्रत्येक कॉलमचा टाइप देऊन, लिहा. नुसता टाइप दिला की नॉट नल, ‘ऑप्शनल’ लावलं की नल चालतो. ‘मॅप्ड कॉलम’मध्ये ‘नलेबल’ वेगळं लिहू नका. ते टाइपवर मात करतं आणि वाचणारा फसतो.

३. अपवाद ठरवा. माल सुटेपर्यंत डिस्पॅचची तारीख नसतेच, तिथे नल योग्य. नोंदणी नसलेल्या व्यापाऱ्याचा जीएसटी नंबरही नलच हवा. ‘रिकामी स्ट्रिंग टाका’ हा सल्ला ऐकू नका. त्या कॉलमवर युनिक (तीच किंमत दुसऱ्यांदा न घेण्याची अट) असेल तर असा दुसरा व्यापारी नोंदवतानाच अडेल. नल मात्र कितीही चालतात.

४. खरी कसोटी जुन्या, भरलेल्या टेबलाची. मॉडेल बदललं म्हणून टेबल बदलत नाही. टेबलं तयार करणारं ‘क्रिएट ऑल’ आधीपासून असलेल्या टेबलाला हातही लावत नाही. मायग्रेशन (टेबल बदलणारी स्क्रिप्ट) लागतंच. एसक्यूएलअल्केमीचं मायग्रेशनचं साधन अलेम्बिक फरक ओळखून ‘सेट नॉट नल’ लिहून देतं, पण ते तसंच चालवू नका. एक जरी नल सापडला तरी ते फेल होतं. नल नसले तरी पोस्टग्रेस पूर्ण टेबल वाचतं आणि तोवर वाचन-लेखन दोन्ही अडवून धरतं. भर दुपारी डिस्पॅच चालू असताना हे परवडत नाही.

क्रम असा ठेवा. आधी किंमत नसेल तर नोंद नाकारणारा नवीन कोड सोडा, म्हणजे नवे नल शिरायचे थांबतील; मॉडेलमधला नुसता टाइप ते थांबवत नाही. मग जुने नल थोडे-थोडे करून भरा, आणि भरताना खरी किंमत शोधा. दर माहीत नाही म्हणून शून्य टाकलात तर चूक कायमची लपली. जुनी चलनं काढून बघा. त्यानंतर ‘इज नॉट नल’चा चेक (टेबलावरची अट) ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून, म्हणजे जुन्या नोंदी न तपासता, लावा आणि वेगळ्या मायग्रेशनमध्ये ‘व्हॅलिडेट’ करून त्या तपासा. यात टेबल वाचलं जातं, पण नोंदी चालू राहतात. शेवटी ‘सेट नॉट नल’. पोस्टग्रेस १२ पासून व्हॅलिड चेक असला की टेबल पुन्हा वाचलं जात नाही. मग चेक काढून टाका.

५. सिंगल टेबल इनहेरिटन्स (चादर, टॉवेल असे वेगळे क्लास एकाच टेबलात) असेल तर सबक्लासचे कॉलम ‘ऑप्शनल’च ठेवा. नाहीतर चादरीचा कॉलम टॉवेलची नोंदच होऊ देणार नाही.