‘थ्रीफेज’ आणि ‘थ्री फेज’: फ्रेममेकरचं बुक पाठवण्याआधी

कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी हळद पॉलिश करायच्या यंत्राचं मॅन्युअल केलं होतं. सिंगल फेज, थ्री फेज, दोन्हींचा मजकूर फ्रेममेकर या मॅन्युअल बनवायच्या सॉफ्टवेअरमधल्या एकाच बुकात (म्हणजे प्रकरणांच्या फायलींच्या गठ्ठ्यात), कंडिशनल टॅग लावून. टॅग म्हणजे मजकुराला लावायचं लेबल; टॅग लपवला की त्याचा मजकूरही लपतो. सिंगल फेजची पीडीएफ गेली आणि दुसऱ्या दिवशी फोन: ‘‘अहो, यात थ्री फेजचं वायरिंग कसं काय?’’ चूक माझीच.

बॅकअप घ्या. मग टॅगची नावं कागदावर लिहा, अगदी स्पेससकट. कंडिशन टॅग बुकाचे नसतात, प्रत्येक फायलीचे आपापले असतात. माझ्या अकरा फायलींत ‘थ्रीफेज’ होतं आणि उशिरा आलेल्या देखभालीच्या प्रकरणात ‘थ्री फेज’. मधे एक स्पेस, झाले दोन टॅग. एक मी लपवला, दुसरा राजरोस उघडा.

एक फाइल मुख्य धरा. रंग, अधोरेखा, काय दाखवायचं, काय लपवायचं, सगळं तिच्यातच ठरवा. इतर कुठल्या प्रकरणात केलेला बदल त्या प्रकरणापुरताच राहतो. मग बुकातल्या सगळ्या फायली निवडून मुख्य फायलीतली ही सेटिंग्ज त्यांत आणा: इम्पोर्ट फॉरमॅट्स, ‘कंडिशनल टेक्स्ट सेटिंग्ज’वर टिक. रंग स्वतः बनवले असतील तर ‘कलर डेफिनिशन्स’वरही. ‘पेज लेआउट्स’ची टिक काढा, नाहीतर मास्टर पानं, म्हणजे पानांचे साचे, बदलतील आणि मग मला बोलू नका.

इथे मी चहाला उठलो होतो. उठू नका! त्याच नावाचा टॅग असेल तर इम्पोर्ट तो बदलतं. वेगळ्या नावाचा टॅग जिथल्या तिथे राहतो, पुसला जात नाही. म्हणून एकेक फाइल उघडून तिची टॅगयादी कागदाशी ताडा. बाराही फायली, उशिरा आलेली सगळ्यात आधी. उपरा टॅग सापडला तर त्याचा मजकूर योग्य टॅगखाली आणा आणि जुना टॅग मजकुरावरून काढा. दोन्ही राहिले तर एक जरी दाखवलेला असला तरी मजकूर दिसतो. मग यादीतून तो टॅग डिलीट करा. कुठे वापरात राहिला असेल तर मजकूर ठेवायचा की उडवायचा असं विचारेल. घाईत एंटर मारू नका. स्पेस बघितली ना? परत बघा.

लपवलेल्या मजकुराकडे जाणारे क्रॉस-रेफरन्स (‘अमुक पान पाहा’ असे दुवे) त्याच टॅगखाली आणा. बुक अपडेट. टॅगचे रंग नि अधोरेखा दाखवणारे इंडिकेटर बंद, नाहीतर टॅगचे रंग छापून येतात. पीडीएफ. तिच्यात नुसतं ‘थ्री’ शोधा, मगच मेल.