पासवर्ड 'स्ट्राँग' होता, तरी खातं गेलं? या चुका टाळा

गेल्या महिन्यात सातपूरहून काका आले ते फोन पुढे करतच. बेदाण्याच्या धंद्याचं इन्स्टाग्राम पेज हातचं गेलं होतं. "अरे, पासवर्ड तर चांगला भारी होता! मोठं अक्षर, आकडा, चिन्ह, सगळं टाकलं होतं." विचारल्यावर कळलं की तोच पासवर्ड जीमेलला होता आणि फार पूर्वी एकदाच वापरलेल्या एका खरेदीच्या साइटलाही.

घोळ तिथेच होता. चोर तुमचा पासवर्ड ओळखत बसत नाही. एका साइटवरून चोरीला गेलेली ईमेल-पासवर्डची यादी त्याच्याकडे आयती असते आणि त्यातली एकेक जोडी त्याचा प्रोग्राम शेकडो साइटवर लावून बघतो. याला 'क्रेडेन्शियल स्टफिंग' म्हणतात. इथे पासवर्ड किती अवघड आहे याला अर्थ नाही, तो वेगळा आहे का एवढंच महत्त्वाचं. आणि 'त्याला बरीच वर्षं झाली' असं म्हणून सोडून देऊ नका. लिंक्डइनमधून २०१२ साली चोरलेली सुमारे ११.७ कोटी खात्यांची माहिती २०१६ मध्ये विक्रीला आली होती.

शेपूट बदलणं ही नेहमीची चूक. नाशिक@१२३ चं नाशिक@१२३४ केलं, तर प्रोग्राम तेही करून बघतो.

याहून महाग पडणारी चूक काकांनी केली होती. आधी पेजचा पासवर्ड बदलला आणि ईमेल तसाच ठेवला. दोन दिवसांत पेज पुन्हा गेलं. कारण 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की लिंक ईमेलवर येते, आणि चोर ईमेलमध्येच बसलेला. म्हणून सुरुवात कायम ईमेलपासून करा.

नुसता पासवर्ड बदलूनही भागत नाही. आम्ही कॉम्प्युटरवर जीमेलची सेटिंग उघडली, तर फॉरवर्डिंगमध्ये एक अनोळखी पत्ता निघाला. म्हणजे काकांचे मेल परस्पर तिकडेही जात होते! फोनच्या अ‍ॅपमध्ये हे दिसलंच नसतं. तो पत्ता काढला, फिल्टर (आलेले मेल आपोआप हलवणारे नियम) तपासले, रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल आपलाच आहे ना ते पाहिलं. मग 'तुमची डिव्हाइसेस'मध्ये जाऊन अनोळखी फोन साइन आउट केला.

त्यानंतर टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री. एसएमएसचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा बरा, पण फोनमध्येच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकनेच लॉगिन) जास्त पक्की. गूगल दहा बॅकअप कोड देतं. ते कागदावर उतरवून घरात ठेवा, नाहीतर फोन हरवला की तुम्हीच बाहेर. आणि आपण लॉगिन करत नसताना "तुम्हीच आहात का?" असं विचारलं गेलं, तर 'हो' दाबू नका. पासवर्ड चोराच्या हाती लागला आहे, असंच समजा आणि लगेच बदला.

"इतके पासवर्ड लक्षात कसे ठेवू रे?" काकांचं म्हणणं रास्त होतं. सगळे पासवर्ड सांभाळून ठेवणारा पासवर्ड मॅनेजर वापरा. तो नको असेल तर कपाटातली वहीसुद्धा चालेल. माझ्या मते सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा ती कितीतरी बरी. स्वतःलाच पाठवलेल्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्ये मात्र ठेवू नका. आपला ईमेल कुठल्या चोरीत सापडलाय का, हे ट्रॉय हंट यांच्या 'हॅव आय बीन पोन्ड' साइटवर फुकट कळतं.

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, बाकी सगळं नंतर. काकांचे पैसे वाचले. पेज अजून परत आलेलं नाही, त्याचा पाठपुरावा चालू आहे.