रेस, कुत्रा आणि डोंगर, तिन्ही एकाच आठवड्यात कसं बसवायचं

नोकरी-घर सांभाळून पळणाऱ्या माणसाकडे वेळ तेवढाच असतो, त्यात घरी कुत्रा असला की सकाळ-संध्याकाळ त्याला बाहेर न्यावंच लागतं, आणि अधूनमधून डोंगरावर गेल्याशिवाय करमत नाही ते वेगळंच. मग होतं काय, की ट्रेनिंग प्लॅन फ्रीजवर चिकटवलेला असतो, त्यात फक्त रनिंग लिहिलेलं असतं, बाकीचं सगळं आपण वरून करत राहतो आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाय जड का पडलेत ते काही केल्या कळत नाही. माझं म्हणणं सरळ आहे, कुत्र्याला फिरवणं आणि ट्रेक हेसुद्धा ट्रेनिंगच आहे, ते प्लॅनमध्ये लिहा आणि मग त्याप्रमाणे रनिंग लावा.

सुरुवात किलोमीटरपासून नको, मिनिटांपासून करा. कुत्र्यासोबतचे तीन किलोमीटर, रस्त्यावरचे तीन आणि चढावरचे तीन यांची तुलनाच होत नाही. साधा हिशोब बघा, सकाळी ४० मिनिटं आणि संध्याकाळी ४० मिनिटं कुत्र्याला फिरवत असाल तर आठवड्याचे नऊ तासांच्या वर जातात, म्हणजे बऱ्याच हौशी रनर्सच्या अख्ख्या आठवड्याच्या रनिंगपेक्षा जास्त! हे चालणं हलकं असतं, दमवत नाही, पण पायांवर उभं राहण्याचा वेळ तो धरायचाच. एक आठवडा फक्त लिहून काढा, प्रत्येक गोष्टीपुढे मिनिटं आणि 'हलकं', 'मध्यम' किंवा 'जड' एवढंच. आठवड्यात 'जड' दोनदा यावं, फार तर तीनदा, आणि दोन जड दिवस शक्यतो लागून नकोत. रनिंगचा मोठा भाग हलकाच असावा, हलका म्हणजे पळता पळता पूर्ण वाक्य बोलता यायला पाहिजे, धाप लागून शब्द तुटायला लागले की तो हलका राहिला नाही.

ट्रेकला लोक सगळ्यात जास्त फसतात कारण पेस हळू असतो म्हणून ते आरामाचं वाटतं. ट्रेकला किती वेळ जाईल याचा अंदाज घ्यायला विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला नियम अजून चालतो, तो साधारण असा, सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास आणि वर चढण्याच्या प्रत्येक ६०० मीटरला आणखी एक तास. म्हणजे १२ किलोमीटरचा ट्रेक आणि ९०० मीटर चढ असेल तर जवळजवळ चार तास झाले, त्यात थांबणं, फोटो, खाणं काहीच धरलेलं नाही. चार तास पायांवर म्हणजे तो त्या आठवड्याचा लाँग रनच (आठवड्यातला सगळ्यात लांब रन) आहे, त्याच्या आदल्या दिवशी अजून एक लाँग रन ठोकायची काहीच गरज नाही. ज्या आठवड्यात मोठा ट्रेक त्या आठवड्यात लाँग रन छोटा करा किंवा सोडून द्या. फिटनेस कुठे जात नाही.

आता उतार. चढताना दम लागतो पण मांड्यांची वाट लागते ती उतरताना, कारण उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच वजन अडवून धरतो आणि त्यात त्याला बारीक बारीक इजा होते. हे दुखणं लगेच येत नाही, एक ते तीन दिवसांत कधीतरी कळस गाठतं आणि बहुतेकांना दोन दिवसांनी सगळ्यात जास्त जाणवतं. म्हणून रविवारचा ट्रेक आणि मंगळवारचे इंटरव्हल (थोडं जोरात पळणं, मधे दम घेणं, परत जोरात) ही जोडी सगळ्यात वाईट, सोमवारी बरं वाटतं म्हणून माणूस फसतो आणि मंगळवारी दुखऱ्या मांड्या घेऊन जोरात पळायला जातो. ट्रेकच्या आठवड्यात असं जोरात पळण्याचं स्पीडवर्क गुरुवारी ढकला, मंगळवारी फक्त कुत्रा. उतरताना पावलं छोटी टाका, गुडघा थोडा वाकलेला ठेवा, काठ्या असतील तर वापरा. शरीर याची सवयही पटकन करून घेतं, एकदा उतार सोसला की पुढचे काही आठवडे तेवढाच उतार कमी दुखतो, त्यामुळे चढउताराची रेस असेल तर आधी तीन-चार आठवडे पायांना उताराची सवय लावून घ्यायलाच हवी.

कुत्र्यासोबत पळण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण इथे चूक झाली तर भोगणारा तो असतो, आणि तो बोलू शकत नाही, उलट आपण पळतोय म्हणजे तोही पळतच राहतो, पार कोसळेपर्यंत. आधी वय बघा. पिल्लांच्या हाडांची टोकं वाढत असतात, छोट्या जातींचं साधारण वर्षभरात उरकतं, मोठ्या जातींना दीड वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं, तोवर खेळू द्या, मनाप्रमाणे धावू द्या पण पट्ट्याला बांधून किलोमीटरच्या किलोमीटर नको. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना पळवूच नका, त्यांना श्वासच नीट घेता येत नाही, त्यांच्यासाठी फिरणं भरपूर झालं. बाकीच्यांना सुरू करण्याआधी एकदा व्हेटला (प्राण्यांच्या डॉक्टरला) दाखवा, हृदय आणि सांधे तपासून घ्या.

गळ्यातल्या पट्ट्याला बांधून पळू नका, छातीवरून जाणारा, खांदे मोकळे ठेवणारा हार्नेस घ्या. हात मोकळे हवे असतील तर कमरेचा बेल्ट आणि मधे ताणणारी दोरी मिळते, कुत्र्यासोबत पळायच्या कॅनिक्रॉस नावाच्या खेळात हेच वापरतात. डबीत गुंडाळला जाणारा लांब पट्टा मात्र पळताना अजिबात नको, दोरी पायात आली की दोघंही पडणार. आणि एक गोष्ट जी मी कधीच सोडत नाही, पहिली दहा-पंधरा मिनिटं त्याची. वास घेऊ दे, शी-शू होऊ दे, खांबापाशी थांबू दे, घड्याळ सुरूच करायचं नाही. त्यानंतर पळायला सुरुवात केली की तो छान लयीत येतो, दर पन्नास पावलांवर ओढाताण होत नाही. सुरुवातीला एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं असं वीस मिनिटं पुरे, मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा, आपण स्वतः पळायला लागलो तेव्हा जसं वाढवलं होतं तसंच. कुत्रा फक्त हलक्या रनला, इंटरव्हल आणि टेम्पोला (न थांबता जरा जोरात पळणं) आपण एकटं जायचं. पोट भरल्यावर लगेच पळवू नका, विशेषतः खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना, त्यांच्यात पोट फुगून पिळा पडण्याचा जीवघेणा प्रकार होऊ शकतो, दोनेक तास जाऊ द्या.

उन्हाचं तर अगदी कडक पाळा. आपल्याला सगळ्या अंगाला घाम येतो, कुत्र्याला घाम फक्त पंजांच्या तळव्यांना आणि तोही नावापुरता, अंगातली उष्णता तो धापा टाकूनच बाहेर टाकतो. त्यामुळे हवा दमट असली की ऊन नसतानाही त्याला त्रास होतो हे लक्षात ठेवा. रस्त्यावर हाताची उलटी बाजू सात सेकंद ठेवून बघा, ठेववत नसेल तर त्याचे पंजेही भाजणार. दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबून थोडं थोडं पाणी. जीभ नेहमीपेक्षा रुंद आणि लांब बाहेर आली, लाळ चिकट झाली, मागे रेंगाळायला लागला, हिरड्या लालभडक दिसल्या की तिथेच थांबायचं, घरी पोचू मग बघू असं नाही. पाय लटपटत असतील, तोल जात असेल तर सावलीत घ्या, अंगावर थंड पाणी ओता, वारा घाला आणि गार करत करतच व्हेटकडे न्या. कुत्र्याचं नॉर्मल टेंपरेचर ३८ ते ३९ डिग्री सेल्सिअसच्या आसपास असतं आणि ४१ च्या वर जीवावर बेतू शकतं, त्यामुळे हातात वेळ फार नसतो.

अजून एक, तुमची रनिंगची बॅग. ही कुत्र्याच्या तोंडाला येईल अशी कधीच ठेवू नका. शुगर-फ्री च्युइंगममध्ये आणि काही गोळ्यांमध्ये झायलिटॉल नावाचं साखरेऐवजी वापरायचं गोड द्रव्य असतं, ते आपल्याला काही करत नाही पण कुत्र्याच्या शरीरात एकदम इन्सुलिन सुटतं आणि अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते, यकृतही खराब होऊ शकतं. पळताना खायची कॅफीनवाली जेल, चॉकलेट, मनुका, आणि आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या, यातलं सगळं कुत्र्यासाठी विषारी आहे. आणि हे सगळं एकाच बॅगेत, चेन उघडी, जमिनीवर टाकलेलं, असं किती घरात असतं! बॅग वर हुकाला टांगा. काही खाल्लं असेल तर लक्षणं दिसायची वाट न बघता पाकीट घेऊन लगेच व्हेटला फोन करा.

ट्रेकला कुत्रा नेत असाल तर निघायच्या आधी एकच प्रश्न विचारा, हा अर्ध्या वाटेत लंगडला तर मी याला उचलून खाली आणू शकेन का? तीस किलोचा कुत्रा असेल तर एकट्याने जायचा ट्रेक छोटाच निवडा. कडा, गुरंढोरं आणि जंगली प्राण्यांजवळ पट्टा सोडू नका, हिरवा थर आलेलं साचलेलं पाणी पिऊ देऊ नका. घरी आल्यावर बोटांच्या मधे, कानांच्या आत-मागे, जांघेत आणि पट्ट्याखाली गोचीड शोधा, हे काम अंघोळीच्या आधी आणि निवांत करायचं.

रेसच्या आठवड्यात रनिंग कमी होतं, याला टेपर म्हणतात, पण कुत्र्याला टेपर कळत नाही, त्याला तेवढंच फिरायचं असतं. फिरवा, फक्त सपाट आणि सावकाश, ओढणारा कुत्रा असेल तर आदल्या दिवशी घरच्या कुणालातरी सांगा. बिब (रेसचा नंबर लिहिलेला कागद) आदल्या रात्रीच टी-शर्टला लावून ठेवा, शूज-सॉक्स वापरलेलेच. रेसला कुत्रा नेऊ नका, स्पीकर आणि गर्दी त्याला नको असते, खास कुत्र्यांसोबतची रेस असेल तर गोष्ट वेगळी.

पेसचं एक उदाहरण देते. हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.१ किलोमीटर, ती २ तास १५ मिनिटांत करायची तर किलोमीटरला साधारण ६:२४ (६ मिनिटं २४ सेकंद) पडतात. पहिले तीन किलोमीटर ६:३५ ने गेलात तर एकूण फक्त ३३ सेकंद मागे पडता, आणि ते उरलेल्या १८ किलोमीटरमध्ये भरून काढायला किलोमीटरमागे दोन सेकंदही लागत नाहीत. उलट पहिले तीन ६:०० ने मारले तर त्याची किंमत पंधराव्या किलोमीटरनंतर मिनिटांमध्ये मोजावी लागू शकते. दीड तासाच्या वरची रेस असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब (कर्बोदकं) लागतात, पहिलं जेल भूक लागायच्या आधी, साधारण चाळिसाव्या मिनिटाला, आणि हे लाँग रनमध्ये आधी करून बघितलेलं हवं.

रेसनंतर दुसऱ्या दिवशी रनिंग नाही, पण कुत्र्याला घेऊन वीस-तीस मिनिटं सपाटीवर चालून या, आखडलेले पाय त्यानेच मोकळे होतात आणि तो थांबेल तिथे आपणही थांबतो. हाफनंतर किमान आठवडाभर आणि फुल मॅरेथॉननंतर दोन-तीन आठवडे मोठा उताराचा ट्रेक ठेवू नका. तुम्ही आराम करत असताना कुत्र्याची एनर्जी साठलेली असते, पहिल्या रनला तो जोरात ओढणार, म्हणून पहिल्या दिवशी बेल्ट-दोरी नको, आधी मोकळ्या मैदानात बॉल टाकून त्याला दमवा आणि मग हार्नेसला पट्टा लावून दोघं हळूहळू पळा.