बाईकची बॅटरी उतरली? धक्का किंवा जंप मारताना या चुका टाळा

सेल्फ मारला की नुसतं कटकट वाजतंय आणि मीटरची लाईट मंद होतेय, म्हणजे बॅटरी उतरलीय, रिले (मोटरला करंट सोडणारा स्विच) ओढतोय पण मोटर फिरवायला करंट पुरत नाहीये. अशा वेळी बटण दाबत राहू नका, उरलंसुरलं पण संपतं. आणि काहीच वाजत नसेल तर आधी किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा लाल स्विच), साईड स्टँड आणि न्यूट्रल बघा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरं येता-जाता तो लाल स्विच दाबून जातात आणि मालक इकडे मेकॅनिकला फोन लावत बसतो.

मग सीट काढून टर्मिनल हलवून बघा. स्क्रू ढिला असतो किंवा पांढरी-हिरवी पावडर धरलेली असते, ती खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासली की निघते. बऱ्याचदा काम इथेच होतं. पान्हा लावायचा तर आधी काळी वायर सोडा, लाल आधी सोडताना पान्हा चॅसीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) टेकला की ठिणगी उडालीच समजा.

आता धक्का स्टार्ट. लोक पहिला गिअर टाकून ढकलतात आणि क्लच सोडला की मागचं चाक लॉक होऊन घासत जातं. दुसरा गिअर टाका, चावी ऑन, क्लच दाबून गाडीला बऱ्यापैकी वेग येऊ द्या, क्लच झटकन सोडताना सीटवर वजन टाका आणि इंजिन धरलं की लगेच क्लच परत दाबा. गिअरलेस स्कूटर ढकलून काही उपयोग नाही, तिथे चाकाकडून इंजिन फिरतच नाही. इंजेक्शनच्या गाड्यांचं, म्हणजे जिथे पेट्रोल इलेक्ट्रिक पंपाने इंजिनात फवारलं जातं, त्यांचं पण वेगळं आहे (एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ बाईक जवळपास सगळ्या इंजेक्शनच्याच). चावी ऑन केल्यावर टाकीखालून पंपाचा झूं आवाज आला तर धक्का मारण्यात अर्थ आहे, मीटरच पेटत नसेल तर दमाल फक्त, कारण पेट्रोल चढवणारा पंप पण बॅटरीवरच चालतो. जुन्या कार्बोरेटरवाल्या बिचाऱ्या अशा नखरे करत नाहीत.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते जंप केबलने, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला चिमट्याच्या वायर जोडून गाडी चालू करताना. शेजाऱ्याची कार आणली, ती चालूच ठेवली आणि चिमटे लावले, हे नको. बाईकची बॅटरी केवढीशी, ५ ते ९ एएच (अ‍ॅम्पियर-अवर, बॅटरीत किती चार्ज मावतो ते माप), कारची ३५-४० च्या पुढे, म्हणून कार बंदच ठेवा, तिच्या नुसत्या बॅटरीवर बाईक आरामात चालू होते. दुसऱ्या बाईकवरून घेतलं तरी चालतं. आधी लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, मग काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचा काळा बाईकच्या इंजिनच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटची ठिणगी तिथे उडू नये म्हणून हा खटाटोप. काढताना बरोबर उलट. बाईकची टर्मिनल एकमेकांना खेटून असतात त्यामुळे कारचे जाडजूड चिमटे एकमेकांना टेकतात, तिकडे लक्ष ठेवा. प्लस-मायनस उलटं लागलं तर फ्यूजवर निभावलं तर नशीब, नाहीतर रेक्टिफायर (बॅटरी चार्ज करणारा भाग) किंवा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जातो आणि बिल बॅटरीच्या कितीतरी पट येतं. बॅटरी फुगलेली किंवा तडकलेली असेल तर केबल लावूच नका.

चालू झाली की लोक टपरीवर चहा पीत आयडलवर सोडतात. आयडलवर फारसं चार्ज होत नाही, अर्धा-पाऊण तास चालवून आणा आणि मध्ये बंद करू नका. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'बघू चालते का' हा प्रयोग तर अजिबात नको, व्होल्टेज उसळतं आणि इलेक्ट्रॉनिक्स उडतं. पूर्ण उतरलेली बॅटरी चार्जरवरच लावा आणि दुकानदाराला सांगा की करंट एएचच्या दहाव्या हिश्श्याने ठेव, म्हणजे ५ एएचला अर्धा अ‍ॅम्पियर, नाहीतर तो कारच्या बॅटऱ्यांच्या रांगेत बसवून रात्रभर शिजवतो.

साधा मल्टिमीटर असेल तर उत्तमच. गाडी काही तास बंद ठेवून १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर बॅटरी फुल, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. चालू गाडीला रेस देऊन साडेतेरा ते साडेचौदा यायला हवं. रेस देऊनही १३ च्या खालीच असेल तर नवीन बॅटरी घ्यायला पळू नका, आधी आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) आणि मॅग्नेट कॉईल (इंजिनवर वीज बनवणारी कॉईल) चेक करून घ्या, नाहीतर नवीन बॅटरी पण काही दिवसात झोपेल आणि दुकानदार वॉरंटीवरून वाद घालत बसेल. १५ च्या वर गेलं तरी दोष आरआरचाच, तेव्हा बॅटरी ओव्हरचार्ज होऊन फुगते.