बर्फाच्या पिंपात उतरताय? या चुका टाळा

मॅच संपली की अंग दुखू नये म्हणून पाण्याच्या पिंपात बर्फ ओतायचा आणि पोरांना त्यात उतरवायचं, हे आता नाशिकच्या छोट्या फुटबॉल टीममध्येही दिसतं. मीही पोरांना उतरवतो. पण दर सीझनला त्याच त्याच चुका बघून जीव वैतागतो.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे दोन मॅचच्या मध्ये बर्फात बसणं. सिडकोतल्या एका स्पर्धेत आमच्या १७ वर्षांच्या विंगरला (मैदानाच्या कडेनं खेळणाऱ्याला) एकाच दिवशी दोन मॅच होत्या, मध्ये जेमतेम पाऊण तास. मी पाण्याचे जार आणायला गेलो, तेवढ्यात हा कंबरेपर्यंत बर्फात २० मिनिटं बसला. बाहेर आला तेव्हा मांड्या लालबुंद, चिमटा काढला तरी कळेना. "सर, एकदम फ्रेश वाटतंय!" दुसऱ्या मॅचच्या पहिल्याच स्प्रिंटला मांडीमागे हात धरून खाली बसला. "मागून कोणी दगड मारला का?" विचारत होता. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, गेली होती. ६ आठवडे घरी. गारठलेल्या स्नायूत जोर राहत नाही, आणि बधिरपणामुळे ताण आलेला कळतही नाही. तेव्हापासून दिवसाची शेवटची मॅच झाल्याशिवाय मी पिंपाला हात लावू देत नाही. मधल्या वेळात सावलीत चालायचं, केळं खायचं, पाणी प्यायचं आणि पुन्हा पूर्ण वॉर्मअप करायचा.

दुसरी चूक, अंदाजपंचे बर्फ. जितकं गार तितकं चांगलं, असं काही नसतं. १० ते १५ अंश, १० ते १५ मिनिटं, बास. फिश टँकचा थर्मामीटर मी पिंपाला दोरीनं बांधून ठेवलाय. १०० लिटर पाणी २६ अंशांवरून १४ वर आणायला साधारण १३ किलो बर्फ लागतो. डिसेंबरात नाशिकच्या टाकीतलं पाणी मुळातच गार, तेव्हा आधी पाणी मोजा, मग लादी आणा. आणि ती बारीक फोडा, मोठा तुकडा पोटरीला टेकून राहिला तर कातडी भाजल्यासारखी होते.

घोटा नुकताच मुरगळलाय? पहिले दोन-तीन दिवस गरम पाणी नको, सूज वाढते.

पिंप नाही म्हणून गुडघे सोललेले असताना गोदावरीत उडी मारू नका, जखमेत घाण जाते.

एकट्यानं कधीच उतरू नका, गार पाण्यानं श्वास अडकतो. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको.

जिममध्ये वजनं उचलल्यावर दर वेळी बर्फ नको. त्यानं स्नायूंची वाढ मंदावते, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलंय.

आणि गार पाण्यानं मुख्यतः दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं कमी होतं. दुखापत टाळायची तर फिफा ११+ (फुटबॉलपटूंसाठी फिफानं बसवलेला व्यायामांचा संच) चा २० मिनिटांचा वॉर्मअप आणि हॅमस्ट्रिंगसाठी नॉर्डिक व्यायाम (गुडघ्यांवर बसून, टाचा कोणीतरी धरलेल्या असताना हळूहळू पुढे झुकणं) हवेत. नवीन पोरांना त्याचाच कंटाळा, बर्फासाठी मात्र रांग. माझ्याकडे वॉर्मअपला उशिरा आलेल्याला त्या दिवशी पिंप मिळत नाही.