सांधेदुखीला नेमकं नाव कसं द्यावं

नाशकात गुडघा धरला, मान आखडली, बोटं सुजली की सगळ्याला एकच नाव मिळतं: वात. मग एकाची गोळी दुसरा खातो. डॉक्टरांकडे जाण्याआधी पुढच्या गोष्टी कागदावर लिहून न्या.

आधी दुखणं सांध्याचंच आहे ना, ते बघा. सांधा बिघडला असेल तर तो बहुतेक सगळ्या बाजूंनी हलवताना दुखतो, दुसऱ्याने हलवला तरीही. कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, ठरावीक हालचालीलाच ओरडते. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षछाटणीत दिवसभर कात्री चालवून मनगटात अंगठ्याच्या बाजूला कळ येत असेल, तर अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवा. तिथेच सणकून कळ आली तर बहुधा कंडरेच्या आवरणाला सूज आहे. तो संधिवात नव्हे.

मग सांधे मोजा: एक, दोन ते चार, की पाच आणि पुढे. दुखणं सहा आठवड्यांच्या आतलं की जुनं, तेही लिहा. एकच सांधा अचानक सुजून लाल, गरम झाला आणि ताप आला, तर हा कागद बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालयात जा. सांध्यात पू झाला असेल तर कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, काही दिवसांत खराब होते.

खरी गफलत होते ती झीज आणि दाह, म्हणजे सांध्याला आतून येणारी सूज, यांत. ‘दुखतं का?’ हा प्रश्न इथे निरुपयोगी, कारण दोन्हींत दुखतं. विचारायचं ते असं: सकाळी उठल्यावर सांधे मोकळे व्हायला किती मिनिटं लागतात? झिजेत आखडलेपण साधारण अर्ध्या तासात जातं आणि दुखणं कामाने वाढतं. पांडवलेणीच्या पायऱ्या उतरताना गुडघा बोलतो, बसलं की शांत होतो. दाहात तासाभराहून जास्त वेळ मूठ वळत नाही आणि हालचालीने उलट बरं वाटतं. ‘थोडा वेळ’ असं मोघम लिहू नका, घड्याळ बघा. जागाही नीट बघा. आमवात, म्हणजे दाहाचा रुमेटॉइड आर्थ्रायटिस, मनगट आणि बोटांची मुळं-मधली पेरं धरतो, नखाजवळची पेरं सहसा सोडतो. झीज नखाजवळची पेरं आणि अंगठ्याचं मूळ धरते. चाळिशीच्या आतल्या माणसाची कंबर तीन महिन्यांहून जास्त दुखते, पहाटे जाग आणते आणि चालल्यावर सैल होते, तर ‘गादी बदला’ हा सल्ला अजिबात ऐकू नका. मणक्याच्या दाहाची तपासणी करून घ्या.

नावाची शेपटी वाचा. ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘आल्जिया’ म्हणजे नुसतं दुखणं. वयाने झिजलेल्या मानेला सर्रास स्पॉन्डिलायटिस म्हणतात, ते खरं स्पॉन्डिलोसिस. ऑस्टिओआर्थ्रायटिस मात्र शेपटी दाहाची असूनही मुख्यतः झिजेचा आजार.

रक्ताचा रिपोर्ट सगळ्यांत शेवटी. आरए फॅक्टर, म्हणजे आमवातासाठी करतात ती रक्ततपासणी, निरोगी म्हाताऱ्यांतही पॉझिटिव्ह येतो आणि आमवात असलेल्या काहींत निगेटिव्ह. युरिक ॲसिड वाढलंय एवढ्यावरून गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साचून होणारा आजार, ठरत नाही. उलट गाऊटने पायाचा अंगठा ठणकत असताना ते नॉर्मलही येऊ शकतं. रिपोर्टवरून स्वतःला नाव देऊन पुडीतली अनोळखी पावडर घेणं तर सरळ घातक: तिच्यात स्टेरॉइड असेल तर सूज दबते आणि आजार आतून चालूच राहतो.

सूज सकाळी जास्त असेल तर तेव्हाच दोन्ही हातांचा फोटो काढा. दुपारच्या अपॉइंटमेंटपर्यंत ती उतरलेली असते.